जर्मन न्याहारी: टेबलावर काय असतं आणि ब्र्योटशेन घरी का बिघडतात

प्रश्न असा आहे: जर्मन पद्धतीची न्याहारी घरी मांडायची तर काय काय लागतं, आणि तिथल्या बेकरीत मिळतात तसे बाहेरून कुरकुरीत, आतून हलके छोटे पाव घरी केले की लादीपावासारखे मऊ का होतात? खरं तर हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. जर्मन न्याहारीत शिजवण्यासारखं फार थोडं असतं. चीज, सॉसेज, मुरंबा, मध, लोणी, क्वार्क नावाचं ताजं मऊ चीज, सगळं विकतचं किंवा आधी करून ठेवलेलं. त्या सकाळी ताजा असतो तो फक्त पाव. म्हणून मेहनत पावावर घ्या, बाकीचं टेबल आपोआप लागतं.

या छोट्या पावाला ब्र्योटशेन म्हणतात, पण प्रांत बदलला की नाव बदलतं. बायर्नमध्ये (बव्हेरियात) झेमेल, बर्लिनमध्ये श्रिपे, श्वाबेन भागात व्हेक किंवा व्हेकले, हॅम्बुर्गला रुंडश्ट्युक. 2014 मध्ये जर्मनीनं आपली पाव-संस्कृती देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, आणि तिथल्या नोंदवहीत पावाचे तीन हजारांहून जास्त प्रकार आहेत. एवढ्या पसाऱ्यात रविवारी सकाळी बहुतेक घरांत कागदी पिशवीतून येतो तो मात्र हा साधा गव्हाचा पाव.

पीठ

जर्मन पिठाच्या पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. 100 ग्रॅम पीठ जाळलं तर साधारण तितके मिलिग्रॅम खनिज राख उरते, म्हणजे आकडा जितका मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त. 405 केकसाठी, ब्र्योटशेनसाठी 550. भारतात करत असाल तर मैदा घ्या, पण पाकिटावर प्रथिनं 10 ते 11 ग्रॅम आहेत ना ते बघा. त्याहून कमी असतील तर पाणी 300 ऐवजी 280 ग्रॅमच घ्या, नाहीतर पीठ सैल पडून पाव पसरतात. चपातीच्या कणकेनं हा पाव होत नाही. दगडी जात्यात दळताना तिचा स्टार्च फुटलेला असतो, ती पाणी फार ओढते आणि मगज, म्हणजे पावाचा आतला मऊ भाग, चिकट राहतो.

प्रमाण, 10 नगांसाठी

आदल्या रात्री: 150 ग्रॅम पीठ, 150 ग्रॅम पाणी, अगदी चिमूटभर यीस्ट. हे कालवून झाकून 20 ते 22 अंशाला 10 ते 12 तास ठेवायचं. वर बुडबुडे येऊन मध्यभाग किंचित खाली बसू लागला की ते तयार झालं. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात एवढा वेळ लागणार नाही, ते सहा-सात तासांतच आंबून उतरेल. तिथे दोन तास बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये सरकवा.

सकाळी त्यात 350 ग्रॅम पीठ, 150 ग्रॅम गार पाणी, 10 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम लोणी, 4 ग्रॅम सुकं यीस्ट आणि 5 ग्रॅम माल्टची पूड. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं पीठ. त्यातली एन्झाइम स्टार्चमधून साखर मोकळी करतात, त्यामुळे यीस्टला खायला मिळतं आणि कवचाला तो तांबूस सोनेरी रंग येतो. ते मिळालं नाही तर गव्हाला मोड आणा, उन्हात खडखडीत वाळवा आणि बारीक दळा. हे पीठ 3 ग्रॅम पुरतं. जास्त घातलं तर मगज गिच्च होतो. भाजलेल्या सत्त्वाचा इथे उपयोग नाही, कारण भाजताना एन्झाइम मरतात. चमचाभर मधानं रंग येईल, बाकीचं काम होणार नाही.

दूध आणि जास्तीची साखर मात्र घालू नका. पाव लादीपावासारखा होण्याचं पहिलं कारण हेच असतं. पाव छान व्हावा म्हणून घातलेलं दूध कवच मऊ करतं.

मशीनवर 8 ते 10 मिनिटं, हातानं 15 मिनिटं मळा. चिमूटभर गोळा बोटांवर ताणला तर पारदर्शक पडदा यायला हवा. मळून झाल्यावर पिठाचं तापमान 25 अंशांच्या आसपास असावं. झाकून एक तास ठेवा. मग साधारण 80 ग्रॅमचे गोळे कापा आणि तळहाताच्या वाटीत घेऊन ओट्यावर गोल फिरवत घट्ट करा. ओट्यावर पीठ भुरभुरू नका. गोळा किंचित चिकटला तरच त्याची वरची त्वचा ताणली जाते, आणि ही ताणलेली त्वचाच पुढे भट्टीत फुटून पावावर तो उभा कंगोरा उठवते. 10 मिनिटं विसावा, मग हलक्या हातानं लांबट करा आणि कापडावर झाकून 35 ते 40 मिनिटं ठेवा.

कधी थांबायचं हे बोट सांगेल. हळूच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश येऊन थोडा शिल्लक राहिला तर आता भाजा. राहिलाच तसा, तर उशीर झाला आहे, आणि अशा पावाला चीर मारलीत तर तो उघडण्याऐवजी बसेल. त्याला चीर न देता तसाच भाजणं बरं.

चीर लांबीच्या बाजूनं, साधारण एक सेंटीमीटर खोल, ब्लेड थोडं आडवं धरून, एका झटक्यात.

वाफ

बहुतेकांचा पाव बिघडतो तो इथे. ओव्हन 230 अंशांवर आतल्या जाड ट्रेसकट निदान 40 मिनिटं तापवा. तळाशी एका जुन्या लोखंडी भांड्यात स्वच्छ लोखंडी नट-बोल्ट किंवा भट्टीसाठी मिळणारे दगड तापत ठेवा. पाव आत सरकवले की त्या भांड्यात 60 मिली उकळतं पाणी ओता आणि दार लगेच लावा. हाताला जाड मोजा हवाच, आणि ओव्हनच्या काचेवर थेंब पडू देऊ नका, काच तडकते.

पहिल्या आठ-दहा मिनिटांत वाफ गार पिठावर पाणी होऊन बसते, त्वचा ओली आणि लवचिक राहते, पाव फुगतो. त्याच ओलीत पृष्ठभागावरचा स्टार्च खळीसारखा शिजतो, आणि पुढे तोच वाळून काचेसारखं पातळ कवच बनतं. पण त्यासाठी नंतर तो वाळायला हवा. दहाव्या मिनिटाला दार पूर्ण उघडून वाफ जाऊ द्या. एकूण 18 ते 20 मिनिटं भाजा. शेवटची तीन मिनिटं दाराला लाकडी चमचा अडकवून ते किलकिलं ठेवा. पंखा सुरू असलेल्या ओव्हनमध्ये वाफ टिकत नाही, म्हणून वर-खालच्या उष्णतेवर भाजा.

पाव बाहेर काढून जाळीवर ठेवलात की दोन मिनिटांत बारीक तड्-तड् आवाज येतो. मगज आकसतो, कवच आकसत नाही, म्हणून कवचाला केसासारख्या भेगा पडतात. हा आवाज आला की काम नीट झालं असं समजा.

आता चुका. पाव बाजूनं किंवा तळाशी फाटला तर वाफ कमी पडली किंवा फुगायला वेळ कमी मिळाला. कवच जाड आणि चिवट झालं तर उष्णता कमी होती आणि भाजणं लांबलं. रंग फिका राहिला तर पीठ जास्त आंबलं आणि यीस्टनं साखर संपवली, किंवा माल्ट राहिलं. आणि बाहेर काढल्यावर कुरकुरीत असलेला पाव अर्ध्या तासात मऊ पडला, तर वाफ बाहेर सोडली नव्हती किंवा पाव गरम असताना डब्यात झाकला. ब्र्योटशेन प्लॅस्टिकमध्ये ठेवायचे नसतात. बेकरीवाले कागदी पिशवी देतात ती ओल बाहेर जावी म्हणून.

दुपारपर्यंत ते उतरतातच. वरून पाण्याचा हबका मारून 180 अंशाला पाच मिनिटं ठेवले की पुन्हा जिवंत होतात, एकदाच. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत पाव जास्त लवकर शिळा होतो. ठेवायचेच तर गार होताच गोठवा.

खायचे कसे

आडवा कापायचा आणि दोन्ही भाग उघडे ठेवायचे. घरच्या न्याहारीत सँडविच करून बंद करत नाहीत. एका अर्ध्यावर लोणी आणि चीज किंवा सॉसेजची चकती, दुसऱ्यावर लोणी आणि मुरंबा किंवा मध. आधी खारं, मग गोड, असा अनेकांचा क्रम असतो. प्रत्येकासमोर बऱ्याचदा ताटलीऐवजी छोटी लाकडी पाटी असते. लोणी आधी बाहेर काढून ठेवा, गार लोणी मऊ मगज फाडतं.

राय

टेबलावर काळपट पावाचे काप असतात ते राय या धान्याचे. मोहरीची राई नव्हे, हे गव्हाच्या कुळातलं धान्य आहे. रायच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेनचं जाळं तयार होत नाही. शिवाय त्यातली एन्झाइम भाजताना स्टार्च तोडत राहतात आणि मगज लगद्यासारखा होतो. आंबटपणा या एन्झाइमना आवरतो, म्हणून रायच्या पावात आंबवलेलं खमीर लागतं. साधारणपणे एकूण राय पिठाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग आधी आंबवतात. नुसतं यीस्ट घालून केलेला रायचा पाव ओला आणि चिकट होणारच.

जर्मनीत राहणाऱ्यांना खरेदीत उपयोगी पडेल अशी गोष्ट: रोगेनब्रोट म्हणवायला निदान 90 टक्के राय लागते, रोगेनमिशब्रोटमध्ये ती निम्म्याहून जास्त असते, आणि फोलकोर्न हा शब्द असेल तर निदान 90 टक्के पीठ अख्ख्या धान्याचं असतं. रंगावर जाऊ नका. माल्टनं गडद केलेला पावही काळाच दिसतो. वेस्टफालियाचा पुम्परनिकेल मात्र रंग न घालता काळा होतो. भरडलेली राय बंद साच्यात, वाफेच्या भट्टीत, मंद आचेवर निदान 16 तास राहते आणि तिच्यातलीच साखर तिला तो रंग आणि गोडसर चव देते. रायचा पाव भाजल्या दिवशी कापू नये. दुसऱ्या दिवशी, पातळ काप.

क्वार्क आणि चक्का

क्वार्क म्हणजे ताजं, न मुरवलेलं चीज. मराठी घरात त्याच्या सगळ्यात जवळचा पदार्थ चक्का, पण दोन्ही एक नव्हेत. क्वार्कचं विरजण 20 ते 24 अंशांत हळूहळू काम करतं आणि जोडीला रेनेटचा, म्हणजे दूध साकळवणाऱ्या एन्झाइमचा, थेंब असतो, त्यामुळे दही फार आंबट न होता घट्ट होतं. आपलं दही जास्त उष्णतेत लागतं, म्हणून चक्का आंबट आणि थोडा रवाळ होतो.

घरी करायचं तर एक लिटर पाश्चराइज्ड दूध 24 अंशाला आणा, त्यात 50 मिली ताजं, कल्चर घातलेलं ताक आणि एक-दोन थेंब रेनेट घाला आणि 16 ते 24 तास हलवू नका. टेट्रापॅकचं दूध नीट घट्ट होत नाही. मग फडक्यात सहा ते आठ तास टांगा. एवढं करायचं नसेल तर नुकतंच लागलेलं, न आंबलेलं दही फ्रिजमध्येच टांगा आणि नंतर दोन चमचे दूध घालून घुसळा. बाहेर टांगलेलं दही टांगल्या टांगल्या आंबत जातं.

250 ग्रॅम क्वार्कमध्ये अर्धा चमचा मीठ, बारीक चिरलेली कांद्याची पात, पार्सली आणि शेपू घातला की पावावर लावायचा क्रॉइटरक्वार्क होतो. मीठ आयत्या वेळी घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं. लाउझित्स भागात क्वार्कवर जवसाचं तेल घालतात, तिकडे ते बटाट्याबरोबर जेवणातही असतं. तेल घाण्याचं आणि ताजं हवं, ते फार लवकर कडू होतं, म्हणून छोटी बाटली घेऊन फ्रिजमध्ये ठेवा.

मुरंब्याबद्दल थोडंच. घरात सगळे मार्मेलाडे म्हणतात, बरणीवर मात्र कोनफित्युरे असतं, कारण युरोपीय नियमांनी मार्मेलाडे हे नाव लिंबूवर्गीय फळांसाठी राखून ठेवलं होतं. 2024 मध्ये ते नियम सैल करण्यात आले. पेक्टिन (फळांतला, मुरंबा घट्ट करणारा घटक) मिसळलेली साखर 2:1 या प्रकारची असेल तर किलोभर फळाला अर्धा किलो साखर, पूर्ण उकळी फुटल्यावर चार मिनिटं, आणि थंड बशीवर थेंब टाकून बघणं. स्ट्रॉबेरीत पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही कमी, तिथे लिंबाचा रस हवाच.

अंडं

मऊ उकडलेलं अंडं छोट्या कपात उभं, वरून टोपी उडवून चमच्यानं खायचं. मध्यम आकाराचं, म्हणजे 53 ते 63 ग्रॅमचं, फ्रिजमधलं अंडं उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलं की पांढरं जेमतेम धरतं आणि बलक वाहता राहतो. सहा मिनिटांत बलकाची कड घट्ट होते. मोठ्या अंड्याला अर्धा ते एक मिनिट जास्त. काढल्या काढल्या गार पाण्याखाली धरा, नाहीतर ते कवचात शिजतच राहतं. चमचा चांदीचा नको. अंड्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते आणि चव बिघडते, म्हणून शिंग, शिंपला किंवा साध्या प्लॅस्टिकचे चमचे असतात. जर्मनीत अंड्यावरच्या शिक्क्याचा पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: 0 सेंद्रिय, 1 मोकळ्या आवारात, 2 बंद शेडमध्ये जमिनीवर, 3 पिंजऱ्यात.

म्युनिकची पांढरी सॉसेज

वाइसवुर्स्ट ही वेगळीच न्याहारी. वासराचं मांस, डुकराची चरबी, पार्सली, लिंबाची साल, जायपत्री, कधी आलं आणि वेलदोडा. 22 फेब्रुवारी 1857 ला म्युनिकच्या मारियनप्लाट्सजवळच्या एका खानावळीत झेप मोझर यानं ती पहिल्यांदा केली अशी आख्यायिका आहे. नायट्राइटचं मीठ घालत नाहीत म्हणून रंग पांढरा राहतो. दुपारी बाराचे टोले तिनं ऐकू नयेत असं तिथे म्हणतात. पूर्वी पहाटे केलेलं हे मांस न धुरवता, न खारवता, शीतपेटीशिवाय दुपारनंतर टिकत नसे. आता विकायच्या आधीच ती गरम पाण्यात शिजवलेली असते, म्हणून ही भीती उरलेली नाही.

तुम्हाला करायचं असतं ते फक्त गरम करणं, आणि तिथेच ती फुटते. पाणी उकळा, थोडं मीठ घाला, गॅस बंद करा, 75 अंशांपर्यंत उतरू द्या, मग सॉसेज सोडून 10 ते 12 मिनिटं झाकून ठेवा. उकळत्या पाण्यात आतडीचं कवच आकसतं, आतलं मांस फुगतं, कवच फाटतं आणि चव पाण्यात जाते. वाढतात त्याच गरम पाण्याच्या भांड्यात. कवच खात नाहीत: उभी चीर देऊन काट्यानं गुंडाळत सोलायचं, किंवा टोक कापून आतलं चोखून काढायचं.

सोबत गोड मोहरी. ती म्युनिकमध्ये योहान कोनराड डेवेलाय यानं 1854 मध्ये आणली. तिचं मर्म मोहरी फेसणाऱ्याला लगेच कळेल. गार पाण्यात फेसली की मोहरी नाकात जाते, कारण तिखटपणा तयार करणारं एन्झाइम जिवंत असतं. उकळतं पाणी ओतलं की ते मरतं आणि मोहरी सौम्य राहते. 100 ग्रॅम जाडसर दळलेल्या पिवळ्या मोहरीवर 200 मिली पाणी, 75 मिली व्हिनेगर, 100 ग्रॅम तपकिरी साखर आणि चिमूटभर मीठ उकळून ओता, ढवळा आणि आठवडाभर मुरू द्या.

आणि ब्रेत्सेल, म्हणजे गाठीसारखा वळलेला पाव. बायर्नमधल्याचे हात जाड असतात आणि तो आपोआप फुटतो. श्वाबेनमधल्याचे हात पातळ, आणि पोटावर मुद्दाम चीर असते. तो तपकिरी तकतकीतपणा चार टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं येतो. हातमोजे, चष्मा आणि स्टीलचं भांडं हवंच, अॅल्युमिनियम त्यात विरघळतं. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. घरात लहान मुलं असतील तर हे करू नका. खायचा सोडा ट्रेवर 120 अंशाला तासभर भाजून पाण्यात विरघळवा, रंग थोडा कमी येतो पण धोका बराच कमी. हातमोजे मात्र तरीही घाला.

मेट, आणि एक स्पष्ट इशारा

ब्र्योटशेनवर कच्चं वाटलेलं डुकराचं मांस, मीठ, मिरी आणि कच्चा कांदा, याला मेट म्हणतात, बर्लिनकडे हाकेपेटर. जर्मनीत डुकराच्या मांसाची ट्रायकिनेला कृमीसाठी तपासणी सक्तीची आहे आणि असं सुटं वाटलेलं मांस त्याच दिवशी विकून संपवतात. ते चांगल्या खाटकाकडून घेऊन लगेच खा. गरोदर बायका, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तिथेही खाऊ नये. भारतात बाजारातून आणलेल्या डुकराच्या मांसाचं मेट कधीच करू नका. पट्टकृमी पोटात वाढण्याचा आणि पुढे त्याच्या अंड्यांमुळे मेंदूपर्यंत आजार जाण्याचा धोका खरा आहे. त्याच्या जागी क्वार्क ठेवा.

नऊ वाजताच्या टेबलासाठी

रात्री 8 ला आंबवण लावा. सकाळी 6 ला पीठ मळायला घ्या, 7:15 ला गोळे, 7:35 पर्यंत आकार देऊन कापडावर. त्याच सुमाराला ओव्हन सुरू करा आणि लोणी बाहेर काढा. 8:15 ला पाव आत, 8:25 ला वाफ बाहेर, 8:35 ला जाळीवर. 8:45 ला कॉफी: लिटरला 60 ग्रॅम, कागदी गाळणीतून. ही गाळणी ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्स यांची, 1908 ची. 8:50 ला अंडी पाण्यात सोडा. पहाटे उठायचं नसेल तर पीठ संध्याकाळीच मळा, आकार देऊन झाकून 5 अंशाच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी फ्रिजमधून थेट ओव्हनमध्ये घाला, फक्त भाजायला दोन मिनिटं जास्त द्या. या पद्धतीत सकाळचं सुकं यीस्ट 4 ऐवजी 2 ग्रॅम घाला, नाहीतर पाव रात्रीतच फुगून बसलेले मिळतील.